अपवाद म्हणून उरलेले नियम

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला अनेकवचनाचा नियम आणि त्या नियमाचे अपवाद एकाच धड्यात भेटतात. नामाच्या शेवटी ‘एस’ लावला की अनेकवचन झाले. फक्त मॅनचे मेन, फूटचे फीट, चाइल्डचे चिल्ड्रन, शीपचे शीपच, नाइफचे नाइव्ह्ज आणि फिनॉमिननचे फिनॉमिना एवढे लक्षात ठेवायचे. व्याकरणाच्या पुस्तकांत ही यादी बहुधा चौकटीत छापलेली असते आणि पाठ करण्यापलीकडे तिचे काही करायचे असते असे कुणी सुचवत नाही. खरे तर त्या चौकटीत शेजारी शेजारी बसवलेल्या शब्दांचे एकमेकांशी फारसे नाते नाही. फीट घडले तेव्हा इंग्रजी लिहिलीही जात नव्हती. फिनॉमिना आले ते त्यानंतर हजारएक वर्षांनी, ग्रीक वाचणाऱ्या विद्वानांच्या लेखणीतून. दोघांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दोघेही आजच्या नियमात बसत नाहीत. हे पुस्तक त्या चौकटीतल्या एकेका शब्दाला त्याच्या मूळ घरी परत नेऊन बसवते. यादीतले प्रत्येक रूप कधी ना कधी नियमानेच घडले, पुढे नियम मावळला आणि रूप राहिले, असे पुस्तकाचे प्रतिपादन आहे. ते मान्य केले की प्रश्नच बदलतो. ही रूपे नियम का मोडतात, हे विचारण्यात मग फारसा अर्थ उरत नाही. त्यांच्यासारखी शेकडो रूपे नाहीशी झाली तेव्हा एवढीच का टिकली, हे विचारावे लागते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. आपण एक हात, दोन हात म्हणतो. एक दगड, दहा दगड म्हणतो. रूप तसूभरही बदलत नाही, तरी कोणतेही मराठी व्याकरण हात या शब्दाला अनियमित ठरवत नाही. जीभ आणि भिंत ही दोन्ही स्त्रीलिंगी नामे आपण व्यंजनावर संपवतो, पण एकाचे जिभा होते आणि दुसऱ्याचे भिंती. आजच्या एकवचनाकडे कितीही निरखून पाहिले तरी कोण ‘आ’ घेईल आणि कोण ‘ई’ हे सांगता येत नाही. कारण मागच्या पिढ्यांत आहे. जिह्वा आकारान्त होती, भित्ति इकारान्त. माला आणि स्नुषा यांच्यापासून आलेल्या माळ आणि सून यांची अनेकवचने माळा, सुना झाली. रात्रि आणि भगिनी यांच्यापासून आलेल्या रात आणि बहीण यांची राती, बहिणी झाली. एकवचनाचा शेवटचा स्वर झिजून गेला, अनेकवचनात त्याची खूण राहिली. ज्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठीची रूपे अशीच प्राकृत-संस्कृतापर्यंत मागे नेऊन दाखवली. मग जिभा आणि भिंती नियमित, आणि फीट आणि टीथ मात्र अनियमित, असे का? फरक केवळ संख्येचा आहे. मराठीतले हे दोन्ही गट आजही भरलेले आहेत. इंग्रजीत एक गट इतका वाढला की बाकीच्या गटांत मोजकीच माणसे उरली. अनियमितपणा हा शब्दाच्या अंगचा गुण नाही. त्याच्या जातकुळीचे किती सोबती आज हयात आहेत, एवढेच तो सांगतो.

इ. स. १०००च्या सुमाराची इंग्रजी पाहिली तर हे लगेच पटते. तिच्यात मराठीसारखीच तीन लिंगे होती, विभक्तीची रूपे होती, आणि अनेकवचन नामाच्या गटावर अवलंबून होते. दगडाला ‘स्तान’ म्हणत, त्याचे अनेकवचन ‘स्तानास’. आजचा सर्वव्यापी ‘एस’ तो हाच, पण तेव्हा तो पुल्लिंगी नामांच्या एका गटाचा, अनेकांतला एक प्रत्यय होता. नाव म्हणजे ‘नामा’, त्याचे ‘नामान’ होई. जहाज म्हणजे ‘शिप’, नपुंसकलिंगी, त्याचे ‘शिपु’ होई. पण शब्द या अर्थाचे ‘वोर्द’ हे नामही नपुंसकलिंगीच असून अनेकवचनात जसेच्या तसे राही, कारण जड अक्षरानंतर तो ‘उ’ गळून पडला होता. आजचे शीप आणि डीअर हे याच ‘वोर्द’च्या पंगतीतले. घर, हाड, वर्ष, वस्तू यांच्यासाठीचे जुने शब्दही त्याच पंगतीत होते. ते पुढे उठून ‘एस’च्या पंगतीत गेले. दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक या मठवासी लेखकाने मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी इंग्रजीतून व्याकरण लिहिले. त्याच्या कानावर जी इंग्रजी पडत होती तिच्यात एक नियम आणि त्याभोवती अपवाद अशी रचनाच नव्हती.

फूट-फीटची गोष्ट या सगळ्यांत जुनी आणि मला सर्वांत सुंदर वाटणारी. इंग्रजी, जर्मन, डच या भाषा वेगळ्या होण्यापूर्वीच्या जर्मानिक बोलीत पाय या शब्दाच्या अनेकवचनाला शेवटी ‘इझ’ असा प्रत्यय होता. पुढच्या अक्षरातला ‘इ’ उच्चारायची तयारी जीभ आधीच करू लागली आणि त्या ओढीने मागचा ‘ओ’ पुढे सरकत सरकत ‘ए’ झाला. ‘फोट’चे अनेकवचन असे ‘फेट’ झाले. तोवर हा स्वरबदल केवळ उच्चाराची सोय होता, अनेकवचन दाखवण्याचे काम प्रत्ययाकडेच होते. मग शेवटची अक्षरे झिजली, प्रत्यय गेला आणि ते काम एकट्या स्वरावर पडले. हे सारे साधारण सहाव्या-सातव्या शतकात, इंग्रजीचे लिखाण सुरू होण्यापूर्वी घडून गेले होते. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबलचे भाषांतर केले ती गॉथिक भाषा याच कुळातली असून तिच्यात हा बदल दिसत नाही. जर्मनमध्ये मात्र तो आजही जागोजाग आहे. पुढे पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीच्या दीर्घ स्वरांची मोठी उलथापालथ झाली आणि ‘फेट’चे फीट झाले, ‘मूस’चे माउस झाले, आणि त्याच्या अनेकवचनातला ओठ गोल करून म्हटलेला ‘ई’ आधी साधा ‘ई’ आणि मग ‘आइ’ झाला. माउस-माइस या जोडीत असे दोन काळांचे थर एकावर एक बसले आहेत. ज्या शब्दाच्या मागे तो हरवलेला ‘इ’ नव्हता त्याच्या बाबतीत यातले काहीच घडू शकत नव्हते. याची साक्ष आपल्याच भाषेतून गेलेला एक शब्द देतो. मुंगूस हा मराठी शब्द, बहुधा पोर्तुगीजांच्या वाटेने, सतराव्या शतकात इंग्रजीत पोचला. त्याचा शेवट हुबेहूब गूससारखा ऐकू येतो. तरी गूसचे गीस होते आणि मुंगसाचे साधे मंगूसेस, कारण तो स्वरबदल करणारा नियम हा पाहुणा येण्याच्या हजार वर्षे आधी संपला होता.

ऑक्सन आणि चिल्ड्रन यांच्या मागे तर आपल्या ओळखीचा प्रदेश लागतो. ऑक्सनमधला ‘न’ मुळात अनेकवचनाचा प्रत्यय नव्हताच. तो नामाच्या अंगाचा भाग होता. संस्कृतात राजन् या अंगाचे प्रथमेत राजा आणि अनेकवचनात राजानः होते, त्याच घडणीचा बैलवाचक शब्द उक्षन्, उक्षा, उक्षाणः. आणि इंग्रजीचा ऑक्स हा या उक्षन्चा सख्खा भाऊबंद आहे. एकवचनात ‘न’ लपला, अनेकवचनात उघड राहिला, आणि पाहणाऱ्यांना तोच अनेकवचनाची खूण वाटू लागला. चिल्ड्रनमधला ‘र’ असाच दुसऱ्या जातीचा. मनस्, मनांसि या धर्तीच्या सकारान्त नपुंसक नामांतला ‘स’ जर्मानिक भाषांत आणि लॅटिनमध्ये स्वतंत्रपणे ‘र’ झाला. लॅटिनच्या जीनस-जेनेरा या जोडीतला ‘र’ तोच, आणि जुन्या इंग्रजीतल्या कोकरू, वासरू, अंडे या नामांच्या अनेकवचनातला ‘र’ही तोच. मूल या अर्थाचे ‘चिल्द’ आधी ‘वोर्द’सारखे अविकारी होते, नंतर कोकरा-वासरांच्या सोबतीने त्याचे ‘चिल्द्रु’ झाले. पुढे दक्षिण इंग्लंडात ‘र’ने समाधान होईना म्हणून वर ‘न’ जोडला गेला. एका शब्दावर अनेकवचनाच्या दोन खुणा चढल्या. उत्तरेकडच्या बोलींत ‘चिल्डर’ हे एकाच खुणेचे रूप पुष्कळ काळ टिकून होते.

म्हणजे एके काळी दक्षिणेत ‘न’ हा चढता प्रत्यय होता. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजी दरबारी वापरातून बाहेर पडली, तिच्या विभक्ती विरघळल्या, आणि उरलेल्या प्रत्ययांत दोन दावेदार ठरले. उत्तरेत आणि पूर्व-मध्य भागात ‘एस’, दक्षिणेत ‘एन’. झाडे, घरे, बूट, डोळे या सर्वांना दक्षिणेत नकारान्त अनेकवचने होती. ‘एस’ का जिंकला याची अनेक कारणे दिली जातात. फ्रेंचमध्येही अनेकवचनाला ‘एस’ होता, उत्तरेत नॉर्स बोलणाऱ्यांशी मिसळण होती, लंडनची भाषा मध्य भागाकडे झुकत गेली. या पुस्तकात वजन दिले आहे ते एका साध्या ध्वनिशास्त्रीय कारणाला. त्या काळी इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा ‘न’ सर्वत्रच गळत होता, क्रियापदांतूनही आणि सर्वनामांतूनही. शेवटचा ‘स’ मात्र ठणठणीत राहिला. हे कारण मला पटते, कारण ते फक्त नामांपुरते रचलेले नाही. या झगड्याची उत्तम नोंद एका प्रस्तावनेतच सापडते. विल्यम कॅक्स्टन या पहिल्या इंग्रज मुद्रकाने १४९० साली ‘एनेयडॉस’ या आपल्या भाषांतराच्या आरंभी एक प्रसंग लिहिला आहे. टेम्स नदीवर अडकलेला एक व्यापारी किनाऱ्यावरच्या बाईकडे अंडी मागतो तेव्हा नॉर्सकडून आलेला ‘एग्ज’ हा शब्द वापरतो. बाईला तो फ्रेंच वाटतो. सोबत्याने ‘आयरेन’ म्हटल्यावर तिला अर्थ लागतो. त्या ‘आयरेन’मध्येही चिल्ड्रनसारखाच ‘र’ आणि त्यावर ‘न’ आहे. कॅक्स्टनला पडलेला प्रश्न मुद्रकाचा होता: छापायचे कोणते? छापखान्यांनी ज्या रूपांची निवड केली त्यांचा पुढे अंमल बसला, हे अनेकवचनांच्या इतिहासातले महत्त्वाचे वळण आहे.

नाइफ-नाइव्ह्जचा गट यापेक्षा सोपा आहे. जुन्या इंग्रजीत शब्दाच्या टोकाचा ‘फ’ दोन सघोष ध्वनींमध्ये सापडला की ‘व्ह’सारखा उच्चारला जाई, म्हणून लांडग्याच्या एकवचनात ‘फ’ आणि अनेकवचनात ‘व्ह’. फ्रेंचमधून नंतर आलेला चीफ हा शब्द त्यामुळे चीफ्सच राहिला. पण फ्रेंचमधूनच आलेल्या बीफने बीव्ह्ज हे रूप घेतले, आणि अस्सल इंग्रजी रूफ प्रमाण भाषेत रूफ्स झाले. सीमारेषा इतकी रेखीव नाही. लक्ष द्यायचे ते एका वेगळ्या गोष्टीकडे. हाउस या शब्दाच्या अनेकवचनात मधला ‘स’ बदलून ‘झ’ होतो. हाही नेमका तोच जुना नियम, पण स्पेलिंग बदलत नाही म्हणून तो कुठल्याच चौकटीत सापडत नाही. वुमनच्या बाबतीत उलट फसगत होते. लिहिताना दुसऱ्या अक्षरातला स्वर बदलतो, ऐकताना मात्र पहिल्या अक्षरातला बदल कानात भरतो. शाळेतली यादी डोळ्यांनी केलेली आहे. भाषा कानाने चालते. आणि हे मृत गट नेहमी आकुंचनच पावतात असेही नाही. मासा हा शब्द जुन्या इंग्रजीत बिनतक्रार ‘एस’ घेत होता. शिकारी आणि कोळी यांच्या बोलण्यातून तो शीप-डीअरच्या गटाकडे सरकला आणि आपल्यामागे सामन, ट्राउट, कॉड यांना घेऊन गेला. टॉल्किनने १९३७च्या ‘द हॉबिट’मध्ये ड्वार्फचे प्रचलित ड्वार्फ्स बाजूला ठेवून ड्वार्व्ह्ज वापरले आणि आज ते रूप सर्रास दिसते. नियम संपल्यावरही त्याने मागे ठेवलेला साचा नवीन शब्द घडवू शकतो.

लॅटिन-ग्रीक अनेकवचनांची प्रकृती अगदी निराळी. प्रबोधनकाळापासून विद्वानांनी शब्द उसने घेतले तेव्हा त्यांची रूपेही सोबत आणली. ती घराघरातल्या वापराने टिकलेली नाहीत. शाळा, विद्यापीठे, संपादक आणि ज्ञानशाखा यांनी ती टिकवली. त्यामुळे एकाच शब्दाला प्रांताप्रमाणे दोन अनेकवचने मिळतात. कीटकाच्या डोक्यावरच्या ॲन्टेनी, रेडिओच्या मात्र ॲन्टेनाज; गणितातले इंडिसीज, पुस्तकामागचे इंडेक्सेस. ऑक्टोपसचे ऑक्टोपाय करणारा माणूस लॅटिनचा मान राखायला जातो, पण शब्द ग्रीक असल्याने तो मान चुकीच्या घरी पोचतो. सत्तेचा हा आधार सैल झाला की ही रूपे झपाट्याने हलतात. अजेंडा हे लॅटिनमधले अनेकवचन, इंग्रजीत कधीच एकवचन झाले. डेटा आणि मीडिया हे आपल्या डोळ्यांदेखत त्या वाटेवर आहेत. याला कुणी ऱ्हास म्हणत असेल तर त्याने वाटाण्याकडे पाहावे. इंग्रजीत वाटाण्याला ‘पीझ’ हेच एकवचन होते. त्यातला शेवटचा ध्वनी लोकांना अनेकवचनाचा वाटला आणि तो काढून त्यांनी ‘पी’ तयार केला. चेरी हा शब्दही एका फ्रेंच एकवचनातून असाच कापून निघाला आहे. आज यांना अशुद्ध म्हणणारा व्याकरणकार सापडणार नाही.

या विषयाकडे पाहण्याची दृष्टी काळाप्रमाणे बदलत गेली. १५८६ साली विल्यम बुलोकरचे इंग्रजीचे पहिले व्याकरण निघाले. बेन जॉन्सनचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले, त्यात ‘एस’ची पहिली आणि ‘एन’ची दुसरी अशा दोन रूपावली दिल्या आहेत, दुसरीत शब्द कमी, पण ती अपवाद नव्हे. अठराव्या शतकात रॉबर्ट लौथ आणि लिंडली मरे यांच्या शालेय व्याकरणांच्या काळात एक नियम आणि त्यानंतर इतरांची यादी ही मांडणी रुळली, आणि आपल्याकडे इंग्रजी शिक्षण आले ते याच परंपरेतल्या पुस्तकांसोबत. एकोणिसाव्या शतकात याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांची तुलना करून या यादीमागचा इतिहास उलगडला. १८७०च्या दशकात लायपझिगच्या तरुण भाषाशास्त्रज्ञांनी ठामपणे मांडले की ध्वनिबदल अपवादाविना चालतात आणि जे त्यात बसत नाही ते सादृश्याने घडलेले असते. या पुस्तकाचा पाया तोच आहे. डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी १९०९पासून सात खंडांत इंग्रजीचे ऐतिहासिक व्याकरण सिद्ध केले. उदाहरणांच्या श्रीमंतीत त्याला आजही तोड नाही. विसाव्या शतकात प्रश्न इतिहासाकडून रचनेकडे वळला. गीसमध्ये अनेकवचन नेमके कुठे आहे? शीपमध्ये तर काहीच जोडलेले नाही. पाणिनीचे अभ्यासक असलेल्या लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ साली अशा ठिकाणी शून्यरूपाची कल्पना वापरली. लोप ही संकल्पना ज्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वी सूत्रबद्ध झाली, तिच्या वारसांना हे नवे वाटणार नाही.

मग प्रश्न मनाकडे वळला. १९५८ साली जीन बर्को यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असे सांगितले आणि दोन प्राणी दाखवून वाक्य पुरे करायला लावले. कधीही न ऐकलेल्या शब्दाला मुलांनी योग्य प्रत्यय लावला. ‘हीफ’ या बनावट शब्दाला मोठ्यांपैकी अनेकांनी नाइव्ह्जच्या चालीवर ‘हीव्ह्ज’ केले, मुलांनी मात्र सरळ ‘हीफ्स’. १९८५ साली पीटर गॉर्डन यांनी दाखवले की तीन ते पाच वर्षांची मुले उंदीर खाणाऱ्याला ‘माइस-ईटर’ म्हणतात, पण घुशी खाणाऱ्याला ‘रॅट्स-ईटर’ म्हणत नाहीत. यावरून स्टीव्हन पिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की अनियमित रूपे शब्द म्हणून स्मृतीत साठवलेली असतात आणि नियमित रूपे नियमाने बनवली जातात. १९२७ साली नाव घेतलेल्या टोरांटोच्या हॉकी संघाचे ‘मेपल लीफ्स’ हे त्यांचे आवडते उदाहरण: ते खेळाडू म्हणजे पाने नव्हेत, म्हणून पानाचे अनेकवचन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या बाजूला रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी १९८६ साली, क्रियापदांच्या भूतकाळावर, असे जाळे रचून दाखवले की ज्यात नियम कुठेच लिहिलेला नसून दोन्ही प्रकारची रूपे सरावाने शिकली जातात. जोन बायबी यांनी वापराच्या वारंवारतेवर भर दिला. यांपैकी कोणते मत खरे हा निर्णय या पुस्तकाच्या आवाक्यातला नाही. पण एका गोष्टीवर तिन्ही पक्ष सहमत आहेत, आणि आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर तिथे सुरू होते. अनियमित रूप जिवंत राहते ते पुन्हापुन्हा कानावर पडल्यामुळे.

स्वरबदलाची आजची सात नामे पाहा: माणूस, बाई, पाय, दात, हंसबदक, उंदीर, ऊ. शरीर आणि घर यांच्या बाहेरचे एकही नाही. शिवाय बहुतेक वस्तू जोडीने किंवा झुंडीने भेटणाऱ्या आहेत. पीटर टिअर्स्मा यांनी १९८२ साली फ्रिजियन भाषेच्या आधारे दाखवले की बाहू, शिंग, अश्रू अशा नेहमी एकाहून अधिक असणाऱ्या गोष्टींच्या बाबतीत अनेकवचन हेच मनात पक्के बसते, आणि एकरूपता यायची झाली तर एकवचनच त्याच्यासारखे होते. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो सोपा नाही. डोळा जोडीनेच असतो आणि त्याचा शब्द रोजचा आहे. मग त्याचे नकारान्त रूप का गेले? पुस्तक हा शब्द आज अतिपरिचित आहे आणि जुन्या इंग्रजीत ‘बोक’चे अनेकवचन फीटसारखेच स्वर बदलून ‘बेच’ होत असे. ते का गेले? आणि बैल आता कुणाच्या दारात नसताना ऑक्सन का उरले? डोळ्याचे उत्तर असे की त्याची खूण शब्दाच्या टोकाला होती, जिथे ‘न’ गळत होता. दात-पायांची खूण शब्दाच्या पोटात सुरक्षित होती. ‘पुस्तक’ या शब्दाचे उत्तर काळात आहे. जेव्हा ही छाननी चालली होती तेव्हा पुस्तक मठांत आणि सरदारांकडे असे, झोपडीत नव्हे. बैलाचे याच्या बरोबर उलटे: तेव्हा नांगर त्याच्या खांद्यावर होता, आणि नंतर बायबलच्या भाषांतराने व शाळेने ते रूप सांभाळले. ही उत्तरे मला ग्राह्य वाटतात, पण गायीचे जुने ‘काइन’ नांगराच्याच काळात मागे पडू लागले, हे त्यांना पूर्णपणे जुळत नाही. म्हणून मर्यादित विधान करणे इष्ट: वारंवार वापराखेरीज असे रूप टिकत नाही, पण तो वापर असला म्हणजे टिकतेच असे नाही. क्रियापदांच्या बाबतीत २००७ साली झालेल्या एका गणितानेही कलच दाखवला. शंभरपट कमी वापरले जाणारे अनियमित क्रियापद दहापट वेगाने नियमित होते. एखाद्या विशिष्ट शब्दाचे भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही.

व्यावहारिक वाचक विचारेल की विद्यार्थ्याला यादी पुरेशी असताना हा सारा पसारा कशाला. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते, त्यामुळे हा प्रश्न लाखो मुलांचा आहे आणि टाळता येण्यासारखा नाही. यादी पाठ केलेल्या मुलाला नवा शब्द समोर आला की काही सुचत नाही. गट कळलेल्याला मात्र माहीत असते की फीटचा गट कायमचा बंद आहे, तिथे नवा शब्द शोधू नये, ‘फ’-‘व्ह’च्या गटाचे दार किंचित किलकिले आहे, आणि ‘अम’, ‘ऑन’, ‘इस’ या शेवटांचे शब्द दिसले तर कोश उघडावा, कारण तिथे विषयाप्रमाणे उत्तर बदलते. आणखी एक कारण आजचे आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेले तिचे भाषक आता मातृभाषकांहून अधिक आहेत. एके काळी नॉर्स आणि फ्रेंच भाषकांच्या सहवासात तिची रूपे झडली, तसे पुन्हा होईल असे काहींना वाटते. माझा कौल उलट आहे. तेव्हा शब्दांना कागदाचा आधार नव्हता. आज कोश, पाठ्यपुस्तके आणि संगणकावरचे स्पेलिंग-तपासक चिल्ड्रनला अशा घट्ट पकडीत धरून आहेत की एकटा बोलणारा ते सोडवू शकणार नाही. बदल होईल तो लॅटिन गटात, जिथे पकड मुळात विद्वानांची होती.

या पुस्तकात शब्द वर्णक्रमाने न लावता घडणीच्या काळाप्रमाणे लावले आहेत. जुनी रूपे देवनागरीत लिहिताना काही स्वर ढोबळ मानावे लागले. इंग्रजीच्या स्पेलिंगने झाकलेला उच्चार मात्र देवनागरीत पुष्कळदा अधिक स्पष्ट दिसतो, आणि हाउस-वुमनसारख्या ठिकाणी त्याचा मोठा उपयोग झाला आहे. संस्कृत आणि मराठी समांतर उदाहरणे जिथे खरे कुळनाते किंवा खरी सारखी प्रक्रिया आहे तिथेच आली आहेत. नुसत्या नादसाम्यावर एकही विधान उभारलेले नाही. सर्वनामे आणि क्रियापदे बाहेर ठेवली आहेत, आणि बोलींची माहिती इतिहास कळण्यापुरतीच आहे. शुद्ध कोणते हे सांगण्याऐवजी प्रत्येक रूप कुणाच्या वापरात आणि कोणत्या काळात आढळते ते दिले आहे. शेवटचा भाग अजून निकाल न लागलेल्या शब्दांचा आहे. त्यात संगणकाचा माउस आहे: काही जण त्याचे अनेकवचन माइस करतात, काही माउसेस, कोश दोन्ही देतात. लीफ्सप्रमाणे इथेही शब्द आपल्या मूळ अर्थापासून सुटला आहे, तरी जुने रूप त्याला सोडायला तयार नाही. पिंकर यांच्या उपपत्तीची खरी कसोटी पाहणारे शब्द असेच असतात, आणि पुढच्या काही दशकांत त्यांच्या वापराची नोंद कुणी नेटाने ठेवली तर अनेकवचन घडताना पाहण्याची संधी मिळेल, जी एल्फ्रिकच्या किंवा कॅक्स्टनच्या काळातल्या शब्दांबाबत आपल्याला मिळाली नाही.